एकाच मेकफाइलमधून अनेक प्रोग्रॅम तयार करताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रकल्पात सी भाषेत लिहिलेले तीन प्रोग्रॅम आहेत: सर्व्हर, क्लायंट आणि नोंदी वाचून दाखवणारे एक लहान साधन. तिघांना लागणारा बराचसा कोड समान आहे. आधी प्रत्येकाची वेगळी मेकफाइल (‘मेक’ या साधनाला काय आणि कसे तयार करायचे हे सांगणारी फाइल) होती आणि समान कोड तीनदा कंपाइल होत होता, म्हणून आपण सर्व काही एका मेकफाइलमध्ये आणले. आता ‘मेक’ म्हटल्यावर फक्त सर्व्हर तयार होतो, आणि सर्व ऑब्जेक्ट फाइली (एकेक सी फाइल कंपाइल होऊन बनलेल्या फाइली) एका यादीत घातल्या तर ‘मेन’ फंक्शन एकाहून अधिक वेळा आढळले म्हणून लिंकर, म्हणजे त्या जोडून प्रोग्रॅम बनवणारे साधन, थांबतो. शिवाय क्लायंटला कंपायलरचा एक वेगळा पर्याय द्यायचा आहे.

यांतील पहिल्या दोन अडचणी पाच मिनिटांत सुटतात. तिसरी अडचण साधी दिसते, पण खरा धोका तिच्यातच आहे, म्हणून तिच्यासाठी मी अधिक जागा घेणार आहे. खाली नावे, कीवर्ड आणि पर्याय देवनागरीत लिहिले आहेत; प्रत्यक्ष फाइलमध्ये त्यांची नेहमीची रोमन रूपे वापरावीत.

आधी एक मूळ गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सर्व काही तिच्यावर उभे आहे. मेकला ‘प्रकल्प’ किंवा ‘प्रोग्रॅम’ अशी कोणतीही कल्पना नाही. त्याला फक्त फाइली कळतात, कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे कळते, आणि प्रत्येक फाइल शेवटी केव्हा बदलली ती वेळ कळते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिले, त्यामागचा प्रसंग त्यांनीच सांगितलेला आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी एक अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात घालवली होती. चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल झालीच नव्हती, आणि डिरेक्टरीतील सगळ्या ऑब्जेक्ट फाइली सरसकट लिंक करण्याच्या सवयीमुळे जुनीच ऑब्जेक्ट फाइल वापरली जात होती. एका मेकफाइलमध्ये अनेक प्रोग्रॅम आणले, की नेमका हाच दोष नव्या वाटेने परत येऊ शकतो. तो टाळण्यासाठी मी एकच नियम पाळतो: डिस्कवरील प्रत्येक वेगळ्या वस्तूला वेगळे नाव असावे, आणि प्रत्येक नावाची वस्तू तयार होण्याची रीत एकच असावी. तीन प्रोग्रॅम म्हणजे तीन बिल्ड नव्हेत. अवलंबनांचा आलेख एकच असतो आणि त्याला तीन शिखरे असतात.

आता पहिली अडचण. मेकला काय तयार करायचे हे सांगितले नाही, तर ते फाइलमधील पहिले टार्गेट, म्हणजे नियमात कोलनच्या डावीकडे लिहिलेले नाव, घेते. बिंदूने सुरू होणारी विशेष टार्गेटे आणि पॅटर्नचे (‘%’ असलेले) नियम यांत धरले जात नाहीत. आपल्या फाइलमध्ये सर्व्हर पहिला आहे, म्हणून तो तयार झाला की मेकच्या दृष्टीने काम संपते. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे सर्वांत आधी ‘ऑल’ नावाचे टार्गेट लिहून त्याच्या अवलंबनांत तिन्ही प्रोग्रॅमची नावे देणे. ‘ऑल’ नावाची फाइल कधी तयार होणार नसते, म्हणून ते ‘.फोनी’, म्हणजे फाइल नसलेले नुसते नाव, म्हणून जाहीर करावे. सर्व साफ करणारे ‘क्लीन’ही तसेच जाहीर करावे, नाहीतर त्या नावाची एखादी फाइल योगायोगाने डिरेक्टरीत आली, तर काहीच न करता ‘अद्ययावत आहे’ असे उत्तर मिळते.

येथे एक चूक इतक्या वेळा दिसते की तिचा उल्लेख करायलाच हवा. पुष्कळ जण ‘ऑल’ न लिहिता कोलनच्या डावीकडे तिन्ही प्रोग्रॅमची नावे लिहितात आणि खाली एकच कृती (चालवायच्या आज्ञा) देतात. त्यांची समजूत अशी असते की ही कृती एकदा चालेल आणि तिच्यातून तिन्ही फाइली निघतील. मेक मात्र या ओळीचा अर्थ ‘एकसारखी कृती असलेले तीन स्वतंत्र नियम’ असा घेते, आणि प्रत्येक टार्गेटसाठी ती कृती वेगळी चालवते. एका कृतीतून खरोखरच अनेक फाइली निघत असतील (उदाहरणार्थ, एकच जनरेटर सी फाइल आणि हेडर, म्हणजे अनेक सी फाइलींना लागणाऱ्या घोषणांची फाइल, दोन्ही लिहीत असेल), तर जीएनयू मेक या मेकच्या प्रचलित रूपाच्या ४.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, कोलनऐवजी ‘&:’ लिहिण्याची सोय आहे. परंतु मॅकबरोबर येणारे मेक अजून ३.८१ हे २००६ मधील रूप आहे. ते ‘&’ ला आणखी एका टार्गेटचे नाव समजते आणि त्याबद्दल कोणतीही तक्रार करत नाही. आपला प्रकल्प मॅकवरही तयार होणार असेल, तर हे ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण ‘मेन’ची. प्रत्येक प्रोग्रॅमला ‘मेन’ एकच असते, आणि सर्व सी फाइली एका वाइल्डकार्डने गोळा केल्या की तिन्ही ‘मेन’ एकत्र येणारच. यासाठी फाइलींची विभागणी करावी: ज्यात ‘मेन’ आहे ती प्रत्येक प्रोग्रॅमची स्वतःची फाइल वेगळी, आणि उरलेला समान कोड एका स्टॅटिक लायब्ररीत. लायब्ररी केल्यामुळे क्लायंटला नको असलेला कोडही त्याच्यात शिरेल, अशी शंका काहींना येते. ती निराधार आहे. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींचा संग्रह, आणि प्रोग्रॅमला हवे असलेले पण अजून न सापडलेले एखादे नाव ज्या ऑब्जेक्ट फाइलीत आहे, तेवढीच लिंकर त्यातून उचलतो. उलट सर्व ऑब्जेक्ट फाइली थेट लिंकच्या ओळीत दिल्या, तर त्या गरज असो वा नसो आत जातात.

मी अशा प्रकल्पासाठी सुरुवात साधारण अशी करतो:

प्रोग्रॅम := सर्व्हर क्लायंट नोंदवाचक
समान := संदेश.सी जोडणी.सी वेळ.सी
लिब := बिल्ड/लिबसमान.ए

.फोनी : ऑल क्लीन
ऑल : $(प्रोग्रॅम)

$(प्रोग्रॅम) : % : बिल्ड/%.ओ $(लिब)
	$(सीसी) $(एलडीफ्लॅग्ज) -ओ $@ $(फिल्टर %.ओ,$^) $(फिल्टर %.ए,$^) $(एलडीलिब्ज)

$(लिब) : $(समान:%.सी=बिल्ड/%.ओ)
	आरएम -एफ $@
	$(एआर) आरसीएस $@ $^

बिल्ड/%.ओ : %.सी | बिल्ड
	$(सीसी) $(सीपीपीफ्लॅग्ज) $(सीफ्लॅग्ज) -एमएमडी -एमपी -सी -ओ $@ $<

बिल्ड :
	एमकेडीर -पी $@

सर्व्हर : बिल्ड/धागे.ओ
सर्व्हर : एलडीलिब्ज += -एलपीथ्रेड

-इन्क्लूड $(वाइल्डकार्ड बिल्ड/*.डी)

यातील ‘$(प्रोग्रॅम) : % : बिल्ड/%.ओ’ ही ओळ स्टॅटिक पॅटर्न नियम म्हणून ओळखली जाते. तिचा अर्थ असा की यादीतील प्रत्येक नावासाठी ‘%’ च्या जागी ते नाव घालून एकेक नियम तयार करावा. चौथा प्रोग्रॅम आला, की यादीत एक शब्द वाढवला आणि त्याच नावाची सी फाइल ठेवली, एवढे पुरते. ज्या प्रोग्रॅमला स्वतःची आणखी एखादी ऑब्जेक्ट फाइल लागते, त्याच्यासाठी कृती नसलेली वेगळी ओळ खाली लिहावी, येथे ‘धागे.ओ’ फक्त सर्व्हरसाठी आहे. एकाच टार्गेटची अवलंबने अनेक ओळींत विखुरलेली असली तरी मेक ती एकत्र करते, फक्त कृती एकाच ओळीखाली असली पाहिजे.

लिंकच्या ओळीत नुसते ‘$^’ (टार्गेटच्या सर्व अवलंबनांची यादी) न लिहिता ‘फिल्टर’ दोनदा का वापरले, हे कोणीही विचारील. कृती असलेल्या नियमाची अवलंबने ‘$^’ मध्ये आधी येतात आणि नंतर जोडलेली त्यांच्यामागे जातात, म्हणून येथे क्रम ‘सर्व्हर.ओ, लिबसमान.ए, धागे.ओ’ असा होतो. युनिक्सवरील नेहमीचा लिंकर ही यादी डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो. लायब्ररी वाचताना ‘धागे.ओ’ला काय हवे आहे हे त्याला अजून ठाऊक नसते, आणि ते ठाऊक होते तेव्हा लायब्ररी मागे पडलेली असते. मग ‘नाव सापडत नाही’ अशी चूक येते, आणि ते नाव तर लायब्ररीत डोळ्यांसमोर दिसत असते. आधी सर्व ऑब्जेक्ट फाइली, मग आपली लायब्ररी, आणि सर्वांत शेवटी सिस्टिमच्या लायब्रऱ्या हा क्रम पक्का ठेवला, की हा घोळ उद्भवत नाही.

लायब्ररीच्या कृतीतील ‘आरएम’ची ओळही कोणी अनावश्यक म्हणून काढू नये. ‘एआर’ हे लायब्ररी बनवणारे साधन आहे त्या संग्रहात भर घालते किंवा असलेला सदस्य बदलते. आपण यादीतून काढून टाकलेला सदस्य ते स्वतःहून हटवत नाही. एखादी सी फाइल प्रकल्पातून काढली, तिची फंक्शने दुसरीकडे हलवली, आणि जुन्या संग्रहात जुनी ऑब्जेक्ट फाइल तशीच राहिली, की लिंकर कधी जुने फंक्शन उचलतो तर कधी नवे.

‘-एमएमडी’ आणि ‘-एमपी’ या दोन पर्यायांशिवाय मी आज एकही मेकफाइल लिहीत नाही. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर पहिल्या पर्यायामुळे कंपाइल करता करताच, या सी फाइलीने कोणकोणती हेडर वापरली याची यादी मेकच्या भाषेत एका ‘.डी’ फाइलीत लिहून ठेवतात. ‘-एमपी’मुळे प्रत्येक हेडरसाठी एक रिकामा नियमही लिहिला जातो, म्हणजे पुढे एखादे हेडर हटवले तरी ‘ते कसे बनवावे हे माहीत नाही’ असे म्हणून मेक अडून बसत नाही. समान कोड असलेल्या प्रकल्पात याचे महत्त्व दुप्पट असते. ‘संदेश’च्या हेडरमधील एका स्ट्रक्चरमध्ये नवा घटक घातला, सर्व्हर पुन्हा कंपाइल झाला आणि क्लायंट झाला नाही, तर दोघे एकाच संदेशाचे दोन वेगळे अर्थ लावू लागतात. अवलंबनांची यादी हाताने लिहून कोणी ती वर्षभर अचूक ठेवल्याचे मी पाहिलेले नाही.

‘| बिल्ड’ मधील उभी रेघ सांगते की ती डिरेक्टरी आधी अस्तित्वात असावी, पण तिची वेळ पाहू नये. ती रेघ काढली, तर प्रत्येक नवी ऑब्जेक्ट फाइल लिहिल्यावर डिरेक्टरीची वेळ बदलते आणि पुढच्या खेपेला बाकीच्या फाइली विनाकारण पुन्हा कंपाइल होतात. तीच रेघ प्रोग्रॅमने निर्माण केलेल्या हेडरसाठीही वापरावी लागते. पहिल्या बिल्डच्या वेळी ‘.डी’ फाइली नसतात, त्यामुळे ते हेडर आधी तयार व्हायला हवे हे मेकला दुसऱ्या कोठूनही कळू शकत नाही.

आता तिसऱ्या अडचणीकडे येतो. क्लायंटला वेगळा पर्याय द्यायचा आहे. मेकमध्ये टार्गेटपुरते व्हेरिएबल देण्याची सोय आहे, म्हणून पहिल्यांदा हेच सुचते:

क्लायंट : सीपीपीफ्लॅग्ज += -डीक्लायंट_मोड

ही ओळ चालते, चाचणीतही बरोबर दिसते, आणि तरीही वरच्या मेकफाइलमध्ये ती चुकीची आहे. कारण टार्गेटपुरते दिलेले व्हेरिएबल त्या टार्गेटपुरते थांबत नाही. ते त्याच्या अवलंबनांपर्यंत आणि त्यांच्याही अवलंबनांपर्यंत खाली झिरपते. क्लायंट तयार करताना मेक लायब्ररीकडे जाते, लायब्ररीतून ‘संदेश.ओ’कडे जाते, आणि ती फाइल त्या वेळी तयार करायची असेल तर ती क्लायंटच्या पर्यायासह कंपाइल होते. पण ‘संदेश.ओ’ ही फाइल एकच आहे आणि एका बिल्डमध्ये ती एकदाच तयार होते. जो प्रोग्रॅम तिच्यापर्यंत आधी पोहोचेल त्याचे पर्याय तिला लागतात, आणि बाकीच्यांना ती तशीच घ्यावी लागते. नुसते ‘मेक’ म्हटले तर सर्व्हर आधी येतो आणि फाइल साधी होते. सर्व साफ करून ‘मेक क्लायंट’ म्हटले आणि नंतर ‘मेक’, तर सर्व्हरमध्ये क्लायंटची ऑब्जेक्ट फाइल जाते. स्रोत तोच, मेकफाइल तीच, आणि कोणत्या क्रमाने आज्ञा दिल्या यावर बायनरी ठरते.

या दोषाने माझे तीन दिवस घेतले आहेत, म्हणून तो कसा दिसतो हे सांगतो. त्या प्रकल्पात चाचणीच्या प्रोग्रॅमला असाच एक पर्याय दिलेला होता, आणि तो दिला की एका समान स्ट्रक्चरमध्ये मोजणीसाठी एक जादा घटक येत असे. एका सहकाऱ्याने आधी चाचणी तयार केली, मग एका फाइलीत लहानसा बदल केला आणि सर्व्हर तयार केला. सर्व्हरच्या काही ऑब्जेक्ट फाइलींना ते स्ट्रक्चर मोठे दिसत होते आणि काहींना लहान. कंपायलरने इशारा दिला नाही, लिंकरही गप्प राहिला, कारण सी भाषेचा लिंकर नावे जुळवतो, स्ट्रक्चरचे आकार नाही. सर्व्हर काही तास नीट चालायचा आणि मग ज्या ओळीचा या बदलाशी काहीच संबंध नाही अशा ओळीवर कोसळायचा. सर्व साफ करून पुन्हा तयार केला की दोष नाहीसा व्हायचा, त्यामुळे आम्ही मेमरीच्या चुका शोधत बसलो. मेकफाइलमधील त्या एका ओळीकडे तिसऱ्या दिवशी लक्ष गेले. ‘क्लीन केल्यावर सगळे ठीक होते’ हे वाक्य तेव्हापासून मी कधीही उपाय म्हणून ऐकत नाही. ते आलेखात काहीतरी खोटे लिहिले असल्याचे लक्षण आहे.

योग्य मार्ग आपली गरज नेमकी काय आहे यावर ठरतो. तो पर्याय फक्त ‘क्लायंट.सी’ या फाइलीलाच हवा असेल, तर व्हेरिएबल प्रोग्रॅमला न देता त्या एका ऑब्जेक्ट फाइलीला द्यावे:

बिल्ड/क्लायंट.ओ : सीपीपीफ्लॅग्ज += -डीक्लायंट_मोड

तिच्याखाली सी फाइल आणि हेडर यांशिवाय काही नाही, म्हणून झिरपायला जागाच उरत नाही. निर्माण केलेले हेडर त्या वाटेत असेल, तर जीएनयू मेक ३.८२ पासून ‘प्रायव्हेट’ हा शब्द व्हेरिएबलच्या आधी लिहून झिरपणे थांबवता येते.

पण समान कोडही क्लायंटसाठी वेगळ्या पर्यायाने कंपाइल व्हायला हवा असेल, तर तो आता समान कोड राहिलेला नाही, हे मान्य करावे लागते. स्रोत एक असला तरी वस्तू दोन आहेत, आणि दोन वस्तूंना दोन नावे हवीत. मी अशा वेळी दोन डिरेक्टऱ्या करतो, ‘बिल्ड/साधे’ आणि ‘बिल्ड/क्लायंट’, आणि प्रत्येकीचा स्वतःचा पॅटर्न नियम व स्वतःची लायब्ररी ठेवतो:

बिल्ड/क्लायंट/%.ओ : %.सी | बिल्ड/क्लायंट
	$(सीसी) $(सीपीपीफ्लॅग्ज) -डीक्लायंट_मोड $(सीफ्लॅग्ज) -एमएमडी -एमपी -सी -ओ $@ $<

दोन नियमांत थोडी पुनरुक्ती होते, ती मी आनंदाने स्वीकारतो. कंपाइलचा वेळ वाढतो, तोही खरा खर्च आहे, पण वेगळ्या पर्यायांची वेगळी ऑब्जेक्ट फाइल हवी असेल तर तो द्यावाच लागतो. डीबग आणि रिलीज अशा दोन प्रकारच्या बिल्डनाही हाच न्याय लागू होतो.

याच विषयाची दुसरी बाजू म्हणजे पर्याय बदलला तर काय होते. ‘सीफ्लॅग्ज’मध्ये बदल केला की फाइलींच्या वेळा बदलत नाहीत, म्हणून मेकला काहीच कळत नाही आणि जुन्या पर्यायांच्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहतात. यावरचा उपाय असा: पर्यायांचा मजकूर एका लहान फाइलीत लिहावा, प्रत्येक बिल्डच्या वेळी आताचा मजकूर जुन्याशी ताडून पाहावा, वेगळा असेल तरच फाइल पुन्हा लिहावी, आणि सर्व ऑब्जेक्ट फाइली तिच्यावर अवलंबून ठेवाव्यात. लिनक्स कर्नलच्या बिल्डमध्ये हीच कल्पना पुढे नेऊन प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीशेजारी तिची संपूर्ण आज्ञा ‘.सीएमडी’ फाइलीत जपून ठेवली जाते. लहान प्रकल्पात निदान संपूर्ण मेकफाइलवर ऑब्जेक्ट फाइली अवलंबून ठेवल्या तरी बरेच साधते, मात्र आज्ञेच्या ओळीतून दिलेले पर्याय त्यातून निसटतात.

प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी डिरेक्टरी असेल, तर प्रत्येक ठिकाणी मेकफाइल ठेवून वरून एकेकीत ‘मेक -सी’ चालवायचे की एकच मेकफाइल ठेवायची, हा वाद जुना आहे. पीटर मिलर यांनी १९९८ मध्ये मेकच्या अशा पुनरावर्ती वापराविरुद्ध सविस्तर लेख लिहिला. त्यातील युक्तिवाद मला आजही पटतो: आलेखाचे तुकडे केले की कोणत्याही एका मेकला पूर्ण चित्र दिसत नाही, मग तुकड्यांचा क्रम आपण हाताने लावतो, आणि तो कधीतरी चुकतो. समान लायब्ररीचा तुकडा क्लायंटच्या आधी चालला नाही, तर क्लायंट जुन्या लायब्ररीवर लिंक होतो. म्हणून मी प्रत्येक डिरेक्टरीत फक्त नावांच्या याद्या असलेला लहान तुकडा ठेवतो आणि मुख्य मेकफाइल त्यांना ‘इन्क्लूड’ने आत घेते. त्या तुकड्यांतील सर्व मार्ग मुख्य डिरेक्टरीपासून लिहावे लागतात, एवढे एक पथ्य पाळावे.

बाहेरून आणलेला घटक मात्र स्वतःच्या मेकफाइलसह येतो आणि त्यात ढवळाढवळ करणे शहाणपणाचे नसते. तेथे पुनरावर्ती मेक चालेल, पण दोन गोष्टी सांभाळाव्यात. आज्ञेत ‘मेक’ हा शब्द न लिहिता ‘$(मेक)’ हे व्हेरिएबल वापरावे, म्हणजे समांतर कामांची एकूण मर्यादा वरच्या आणि खालच्या मेकमध्ये वाटली जाते आणि ‘-एन’ पर्यायही (आज्ञा न चालवता फक्त दाखवणारा) खालपर्यंत पोहोचतो. दुसरे, त्या घटकाच्या लायब्ररी फाइलीला फोनी करू नये. फोनी टार्गेट नेहमीच नवे मानले जाते, म्हणून तिच्यावर अवलंबून असलेले तिन्ही प्रोग्रॅम प्रत्येक वेळी पुन्हा लिंक होतील. त्याऐवजी ‘फोर्स’ नावाचे रिकामे टार्गेट तिच्या अवलंबनात ठेवावे. मग खालचे मेक दर वेळी चालते, पण लायब्ररीची फाइल प्रत्यक्षात बदलली नसेल तर वरचे मेक ते ओळखते आणि लिंक टाळते. डिरेक्टऱ्यांवरून शेलचे ‘फॉर’ चक्र फिरवण्याची पद्धत मी पूर्णपणे टाळतो. त्यात मधल्या एखाद्या डिरेक्टरीत बिल्ड अयशस्वी झाला तरी चक्र पुढे जाते आणि शेवटचा तुकडा यशस्वी झाला तर सगळेच यशस्वी झाल्यासारखे दिसते.

‘डिफाइन’, ‘कॉल’ आणि ‘इव्हॅल’ वापरून प्रत्येक प्रोग्रॅमचे नियम साच्यातून काढण्याची सोयही जीएनयू मेकमध्ये आहे. तीन प्रोग्रॅमसाठी मी ती वापरणार नाही, कारण वरचा स्टॅटिक पॅटर्न पुरतो आणि तो नवा माणूसही वाचू शकतो. प्रत्येक प्रोग्रॅमचे पर्याय, डिरेक्टरी आणि लायब्रऱ्या सर्वच वेगळे असतील आणि संख्या पंधरा-वीसकडे जात असेल, तर साचा करावा. साच्यातील मजकूर दोनदा उलगडला जातो, म्हणून ज्या व्हेरिएबलचे मूल्य नंतर घ्यायचे आहे त्याच्याआधी डॉलरचे चिन्ह दोनदा लिहावे लागते. गोंधळ झाला, तर ‘इव्हॅल’च्या जागी क्षणभर ‘इन्फो’ लिहून काय तयार होते आहे ते पडद्यावर वाचावे.

‘क्लीन’मध्ये ‘बिल्ड’ डिरेक्टरी आणि तिन्ही प्रोग्रॅम यांची नावे स्पष्ट लिहावीत. व्हेरिएबलच्या मागे तिरकी रेघ आणि तारका लिहून ‘आरएम -आरएफ’ चालवू नये, कारण ते व्हेरिएबल रिकामे असेल तर ती आज्ञा मूळ डिरेक्टरीवर जाते. फाइलीत कोठेतरी ‘.डिलीट_ऑन_एरर’ हे टार्गेटही लिहून ठेवावे. कृती मध्येच अयशस्वी झाली तर अर्धवट लिहिलेली फाइल मेक काढून टाकते, आणि ती पुढच्या वेळी पूर्ण समजली जात नाही.

मेकफाइल लिहून झाली की मी ती काही ठरावीक प्रयोगांनी तपासतो, आणि आपणही तसे करावे असा आग्रह धरतो. ‘मेक’ लागोपाठ दोनदा चालवावे. दुसऱ्या वेळी ‘ऑल’साठी करण्यासारखे काही नाही एवढेच उत्तर आले पाहिजे. काही लिंक होत असेल, तर कोठेतरी फोनी टार्गेट खऱ्या फाइलीच्या अवलंबनात शिरले आहे, किंवा एखादी कृती सांगितलेल्या नावाची फाइल तयार करत नाही. का होते आहे हे ‘--ट्रेस’ पर्याय नेमके सांगतो, तो ४.० पासून आहे. मग एकेका फाइलीला ‘टच’ करून, म्हणजे तिची वेळ आताची करून, ‘मेक -एन’ चालवावे आणि जे अपेक्षित होते तेवढेच होते का, हे पाहावे.

समांतर बिल्ड हीच आलेखाची खरी परीक्षा आहे. सर्व साफ करून ‘मेक -जे८’ (एका वेळी आठ कामे) चालवावे. एकेक काम करताना डावीकडून उजवीकडे जाण्याच्या क्रमामुळे झाकलेली अवलंबने येथे उघडी पडतात, पण दर वेळी पडतीलच असे नाही. म्हणून ४.४ आवृत्तीत, २०२२ मध्ये, ‘--शफल’ हा पर्याय आला. तो अवलंबनांचा क्रम मुद्दाम उलटसुलट करतो, आणि चूक सापडली तर त्याच क्रमाने पुन्हा चालवता यावे म्हणून बीजाचा आकडा सांगतो. हा पर्याय रात्रीच्या स्वयंचलित बिल्डमध्ये कायमचा लावून ठेवावा.

आपल्या प्रकल्पापुरता शेवटचा प्रयोग असा करावा. सर्व साफ करून ‘मेक क्लायंट’ आणि मग ‘मेक’ चालवावे, आणि तयार झालेल्या सर्व्हरची प्रत बाजूला ठेवावी. पुन्हा सर्व साफ करून थेट ‘मेक’ चालवावे आणि दोन्ही सर्व्हर ‘सीएमपी’ने बाइटनुसार ताडून पाहावेत. कोडमध्ये बिल्डची तारीख किंवा वेळ भरणारे मॅक्रो नसतील, तर दोन्ही एकसारखे निघाले पाहिजेत. एका बाइटचाही फरक आला, तर क्लायंटचा पर्याय अजून समान फाइलींपर्यंत झिरपतो आहे असे धरून वरची दोन डिरेक्टऱ्यांची मांडणी करावी, आणि हाच प्रयोग नोंदवाचकासाठीही पुन्हा करावा.